सुमाला आधीच सगळं येतं: लहान निवेदक आणि भेदभावाची गोष्ट

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कादंबरीची पाच प्रकरणं लिहून झाली आहेत. काळ 1974, जागा बडोद्यातली, दांडिया बाजारातला एक मराठी वाडा. गोष्ट सांगते नऊ वर्षांची सुमा. टोपलीचे संडास, म्हणजे ज्यातला मैला हाताने उचलून न्यावा लागे ते, साफ करायला मागच्या गल्लीतून एक बाई येते. तिच्या मुलीशी, मंजूशी, सुमाची गट्टी जमते आणि त्या मैत्रीतून सुमाला जातिभेद 'कळत जातो'. ज्या दोघांना तुम्ही प्रकरणं वाचायला दिली त्या दोघांनीही सांगितलं की सुमा वयाच्या मानाने फार शहाणी वाटते. तिची भाषा आणखी सोपी करू का, असं तुम्ही विचारलं आहे.

पाचही प्रकरणं मी सावकाश वाचली. भाषेला हात लावू नका. सुमाचे शब्द नऊ वर्षांचेच आहेत. ती मोठी वाटते याचं कारण वेगळं आहे: पहिल्या पानापासून ती भेदभावाच्या बाहेर उभी आहे. आजी मागच्या दारात पाणी शिंपडते आणि सुमाला नवल वाटतं. कोनाड्यातला कान तुटलेला कप तिला खटकतो. मंजू ओट्यावर का येत नाही, असं ती विचारते. त्या घरात जन्मलेल्या मुलीला यातलं काहीही नवीन असायचं कारण नाही. कुणाला शिवायचं, कुणाला नाही, कोण कुठल्या दाराने येतं, कुठला कप कुणाचा, हे तिला चौथ्या-पाचव्या वर्षीच येत असणार. चपला घालून देवघरात जायचं नाही आणि उष्ट्या हाताने वाढून घ्यायचं नाही हे ज्या वयात आणि ज्या आवाजात तिला सांगितलं गेलं, त्याच आवाजात हेही सांगितलं गेलं असेल. तिच्या लेखी ही शिस्त आहे, स्वच्छता आहे, 'आपल्यात असं करतात' आहे. ते ती नीट करते आणि नीट केल्याबद्दल तिला शाबासकीही मिळते.

मुलं निरागस असतात आणि मोठी माणसं त्यांना भेदभाव शिकवतात, ही समजूत इतकी पक्की झाली आहे की लहान निवेदक घेतला की तिच्यावरच भिस्त ठेवली जाते. माझ्याकडे येणाऱ्या हस्तलिखितांत हे सारखं दिसतं. मूल घरात असून पाहुण्यासारखं बघत राहतं. घरातले सगळे दोषी, ते एकटं स्वच्छ. असं मूल वाढूच शकत नाही, कारण त्याला शिकायचं काही उरलेलंच नसतं. तुमच्या पाच प्रकरणांत सुमा फक्त अधिकाधिक दुःखी होते. बदलत नाही.

तिला बदलायचं असेल तर आधी तिला त्या रीतीत मुरलेली दाखवावी लागेल. तुमच्याकडे त्यासाठी उत्तम प्रसंग आहे, दुसऱ्या प्रकरणातली संक्रांत. तिथे तुम्ही लिहिलं आहे: 'आजीने लाडू वरून टाकला. मला प्रश्न पडला, माणसामाणसांत ही भिंत कुणी उभी केली असेल?' हा प्रश्न सुमाचा नाही, तुमचा आहे. मी तो प्रसंग एकदा माझ्या पद्धतीने लिहून बघितला. तुमच्या कादंबरीत असाच यावा असं नाही, पण मला काय म्हणायचं आहे ते त्यातून दिसेल:

'संक्रांतीला आजी मला डबा देऊन मागच्या दाराशी पाठवायची. खाली गल्लीत मंजूची आई पदर पसरून उभी असायची आणि मी तिसऱ्या पायरीवर. लाडू वरून सोडायचा, पण असा की फुटायला नको आणि पदराबाहेरही जायला नको. दादाला ते जमायचं नाही. त्याचा एक तरी लाडू गटारात जायचाच. माझा कधी पडला नाही. आजी सगळ्यांना सांगायची, सुमीचा हात अगदी बरोबर आहे. त्या वर्षी मंजूची आई आजारी होती म्हणून मंजू आली होती. तिने ओंजळ धरली. मी तिळगूळ घ्या गोड बोला म्हटलं आणि सोडला. तिने झेलला. मग वर बघून म्हणाली, हजु उपरथी नाख. मी पाचव्या पायरीवर गेले. तिने तोही झेलला. मग सातव्या. आम्ही दोघी हसायला लागलो. आजी आतून ओरडली, काय चाललंय गं? मी म्हटलं, तिळगूळ देतेय.'

इथे सुमाला काहीच कळलेलं नाही. आपला हात बरोबर आहे, याचाच तिला अभिमान आहे. मैत्री आणि अपमान एकाच कृतीत घडतात आणि ती कृती करणारी सुमाच आहे. वाचकाला जे कळायचं ते कळतं, आणि तिने एक अक्षरही जास्त बोलायची गरज पडत नाही. शेवटी 'मला कसंसंच झालं' असं एक वाक्य घालायचा मोह होईल. घालू नका. त्या वाक्याने वाचकाच्या मनावरचं ओझं उतरेल, आणि ते पुढची शंभर पानं तसंच राहायला हवं.

आणखी एक गोष्ट बघा. आणखी वरून टाक, हे मंजू म्हणते. हा खेळ तिने काढला. का काढला? तिला खरंच मजा वाटली, की वरून पडणारी वस्तू झेलायची असेल तर निदान आपल्या अटीवर झेलावी असं काही तिच्या मनात होतं? सुमाला हे ठाऊक नाही. तुम्हाला मात्र ठाऊक असलं पाहिजे.

मूल आधीपासूनच त्या व्यवस्थेत असतं, हे मी मनाने सांगत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लहानपणचा एक प्रवास लिहिला आहे, साधारण 1901 सालचा. ते तेव्हा नऊ-दहा वर्षांचे असतील. भावंडं आणि भाचे मिळून वडिलांना भेटायला निघतात. अंगावर नवे कपडे, जरीच्या टोप्या, नवे बूट. मसूर स्टेशनवर कुणी न्यायला येत नाही. कपड्यांवरून स्टेशनमास्तरला ती ब्राह्मणांची मुलं वाटतात. जात विचारल्यावर हा मुलगा सरळ सांगून टाकतो, आणि स्टेशनमास्तरचा चेहरा बदलतो. बैलगाडीवाले नेईनात. शेवटी दुप्पट भाडं द्यायचं आणि गाडी मुलांनीच हाकायची, गाडीवान पायी चालणार, असं ठरतं. रात्रभर पाणी मिळत नाही.

त्यानंतर ते जे सांगतात ते तुमच्या कामाचं आहे. आपण अस्पृश्य आहोत हे या घटनेआधीच आपल्याला माहीत होतं, असं ते लिहितात. शाळेत वेगळं बसायचं, बसायला स्वतःचं गोणपाट न्यायचं, नळाला हात लावायचा नाही, शिपायाने तोटी सोडली तरच पाणी प्यायचं, हे सगळं रोजचंच होतं. शिवणाऱ्या आणि न शिवल्या जाणाऱ्या अशा दोन्ही बाजूंच्या पुष्कळ लोकांप्रमाणे त्यालाही ते गृहीतच वाटत होतं. त्या प्रवासाने धक्का दिला आणि विचार करायला लावलं. म्हणजे ज्याला ते सोसावं लागत होतं त्यालासुद्धा ते आधी नेहमीचं वाटत होतं. मग ज्या मुलीला त्यातून फायदाच होत होता तिला ते पहिल्या दिवसापासून खटकावं, हे कसं पटेल? तुम्हाला सुमासाठी असा एक धक्का शोधायचा आहे. तो अचानक यावा, आणि त्याच्या आधीची प्रकरणं अगदी सुखाची असावीत.

याच आठवणींमुळे तुमच्या चौथ्या प्रकरणाबद्दल बोलावं लागेल. तिथे वडील सुमाला कमाटीबागेत नेतात, झाडाखाली बसवतात आणि 1917 सालची हकीकत सांगतात: गायकवाड सरकारच्या शिष्यवृत्तीवर परदेशात शिकून आलेला तरुण, म्हणजे आंबेडकरच, बडोद्यात नोकरीवर रुजू होतो, राहायला जागा मिळत नाही, पारशी धर्मशाळेतून अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक त्याला बाहेर काढतात, ओळखीचे दोघे घरी ठेवून घेत नाहीत, आणि मुंबईची रात्रीची गाडी येईपर्यंतचे तास तो या बागेत काढतो. हकीकत खरी आहे, बडोदेकराने ती विसरता कामा नये. पण तुमच्या प्रकरणात ती सुमाला धडा म्हणून दिली जाते, आणि देणारे वडील त्यामुळे थोर ठरतात. माझं म्हणणं असं की नऊ वर्षांच्या सुमाला बागेत फक्त छोट्या आगगाडीत बसू द्या, माकडांना शेंगदाणे टाकू द्या. मोठेपणी गोष्ट सांगणाऱ्या सुमाला ते झाड माहीत आहे. तिने एका वाक्यात तेवढं म्हणावं आणि पुन्हा आगगाडीकडे वळावं.

यातून दुसरा मोठा मुद्दा निघतो: तुमच्या कादंबरीत सुमा एक आहे की दोन? जिच्यावर हे घडतं ती नऊ वर्षांची. जी सांगते ती किती वर्षांची? तुम्ही हे ठरवलेलं नाही, म्हणून मोठीचे विचार लहानीच्या तोंडात जातात. हार्पर ली यांची 1960 सालची 'टू किल अ मॉकिंगबर्ड' तुम्ही वाचलीच असेल. अमेरिकेतल्या अलाबामात, काळ्या माणसावरच्या खोट्या आरोपाची ती गोष्ट आपल्याला लहान स्काउटची वाटते, पण सांगते ती मोठी झालेली स्काउट. तुरुंगाच्या दारात जमाव येतो तो प्रसंग पुन्हा काढून बघा. त्या जमावात स्काउटला वर्गातल्या मुलाचे वडील दिसतात आणि ती त्यांच्याशी मुलाबद्दल, घरच्या अडचणींबद्दल गप्पा मारू लागते. आपण काय करतोय याचा तिला पत्ता नाही. जमाव परत फिरतो. सांगणारी मोठी असूनही तिथे मध्ये पडत नाही. तेवढा संयम तुम्हाला हवा आहे.

त्याच कादंबरीतली मला सर्वांत मोलाची वाटणारी जागा मात्र दुसरी आहे. घरातली काळी स्वयंपाकीण कॅलपर्निया मुलांना आपल्या चर्चमध्ये नेते. तिथे ती वेगळ्याच ढंगात बोलते. रोज आपल्या स्वयंपाकघरात दिसणाऱ्या या बाईला आपल्या घराबाहेरही एक पूर्ण आयुष्य आहे, हे स्काउटच्या पहिल्यांदा लक्षात येतं. आणि जिथे ती कादंबरी मला अपुरी वाटते ती जागाही इथूनच दिसते. ज्याच्यावर खटला चालतो त्या टॉम रॉबिन्सनला असं आयुष्य फारसं मिळत नाही. तो सोसतो, मरतो, आणि गोऱ्या मुलांना शहाणपण येतं.

तुमच्या आराखड्यात मंजू सातव्या प्रकरणात तापाने मरते. कृपा करून तिला मारू नका. एका मुलीच्या डोळ्यांत पाणी यावं म्हणून दुसरीचा जीव घ्यायचा, ही रचना स्वतःच भेदभाव करते. मंजू जगू दे, रागावू दे. ती खोटं बोलू दे, सुमाची टर उडवू दे, आणि एक दिवस सुमाशी बोलणं बंद करू दे, का ते न सांगता. सुमाला ते कारण शोधायला वर्षं लागू देत. लाडवांचा खेळ तेव्हा तिला पुन्हा आठवेल. ज्या धक्क्याबद्दल मी वर बोलले तो इथे बसू शकतो.

मंजूच्या बोलीबद्दल थोडं कडकच लिहिते. तुमची मंजू 'म्या न्हाई', 'लई भारी' असं बोलते. का? बडोद्यात हे काम करणारी कुटुंबं बहुतकरून गुजराती बोलणारी, वाल्मीकी समाजातली. मंजू घरात गुजराती बोलेल, गल्लीत गुजराती बोलेल, आणि सुमाही तिच्याशी गुजरातीच बोलेल, कारण गल्लीत खेळताना बडोद्याची मराठी मुलं तेच करतात. गरीब माणूस आला की त्याच्या तोंडी गावरान मराठी द्यायची, ही आपल्या लेखनातली जुनी खोड आहे आणि ती बिनविचाराची आहे. गुजराती वाक्यं देवनागरीत सरळ लिहा, मराठी वाचकाला समजतात. उलट यातून एक चांगली गोष्ट हाती लागते: सुमाचं गुजराती मोडकं असेल तर त्या मैत्रीत मंजू हुशार आणि सुमा अडखळणारी. मंजू तिचे उच्चार दुरुस्त करेल. वाड्याच्या आत सुमा वरच्या पायरीवर, गल्लीच्या भाषेत मंजू.

आता वडील. पाचव्या प्रकरणात त्यांचं दीड पानाचं भाषण आहे, ते पूर्ण जाऊ दे. 'आपल्या घरात असलं काही मानत नाहीत' हे एवढं एकच वाक्य त्यांना द्या, आणि कप कोनाड्यातच राहू दे. अशा घरांत शिवाशिवीबद्दल कुणी वाईट बोलत नसे. वडील सुधारक असत, सयाजीरावांचा फोटो बैठकीत असे. 1906 साली महाराजांनी सगळ्या संस्थानात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण लागू केलं, त्याआधी 1893 पासून अमरेलीकडे प्रयोग केला, हे पाहुण्यांना अभिमानाने सांगितलं जात असे. तो अभिमान रास्तच आहे. पण त्याच संस्थानात अंत्यजांच्या, म्हणजे अस्पृश्य मानलेल्यांच्या, शाळा सुरुवातीला वेगळ्या होत्या, आणि त्याच बैठकीच्या मागच्या बाजूला टोपलीचे संडास होते. वडील खोटारडे नाहीत, त्यांना ते दिसतच नाही. चांगल्या माणसाला काय दिसत नाही, हे मुलाच्या नजरेतून फार छान दाखवता येतं, कारण मूल बोलणं आणि करणं दोन्ही शेजारी शेजारी ठेवतं आणि कुठलाही निष्कर्ष काढत नाही.

सुमा स्वतःही बडोद्यात 'दक्षिणी', म्हणजे मराठी, आहे, हे तुम्ही तिसऱ्या प्रकरणात आणलंत, आणि ते मला फार आवडलं. गुजराती मैत्रिणीच्या घरी तिला पाण्याचा वेगळा पेला मिळतो, कारण 'तुम्ही लोक मासे खाता'. घर बघायला गेलेल्या मामाला आडनाव ऐकून नकार मिळतो. 1949 साली संस्थान मुंबई राज्यात गेलं, 1960 साली गुजरात वेगळा झाला, आणि काल जी राज्यकर्त्यांची भाषा होती ती आज शेजारच्या राज्याची झाली. आजीचा ताठा आणि आजीची असुरक्षितता दोन्ही तिथून आल्या आहेत. हे सगळं ठेवा.

एका ठिकाणी मात्र थांबा. पेल्याचा अपमान सोसल्यावर सुमा मंजूला म्हणते, 'आता मला तुझं दुःख कळलं.' नाही कळलं. बोंबील खातात म्हणून घर नाकारलं जाणं हे अपमानाचं आहेच, पण सुमाचा मामा पुढच्या आठवड्यात दुसरीकडे घर घेतो. मंजूच्या आईला दुसरं काम मिळत नाही. त्या कामावर देशाने कायद्याने बंदी घातली ती 1993 साली, म्हणजे तुमच्या कथेनंतर जवळपास वीस वर्षांनी. या दोन गोष्टी एका तराजूत घातल्या की कादंबरी सोपी होते आणि खोटी पडते. सुमाला तसं वाटू शकतं, त्या वयात वाटेलही. मग तिला ते मंजूसमोर बोलू द्या आणि मंजूला हसू द्या. मोठमोठ्याने, लाडू झेलताना हसली होती तशी.

शेवट तुम्ही सुमाच्या बाराव्या वर्षी करता, तिथेच मला कादंबरी आखूड वाटते. 1974 मध्ये नऊ वर्षांची मुलगी 1981 मध्ये सोळा-सतरा वर्षांची असते. त्या वर्षी अहमदाबादच्या वैद्यकीय महाविद्यालयातून राखीव जागांविरुद्ध आंदोलन सुरू झालं आणि गुजरातभर त्याचे पडसाद उमटले. सुमाचा दादा, ज्याचे लाडू गटारात पडायचे, तो तेव्हा डॉक्टर व्हायच्या तयारीत असेल. आता घरात कुणी शिवाशिव पाळत नाही, संडासाला फ्लश आला आहे, कोनाड्यातला कप फेकून दिला आहे. आणि जेवणाच्या टेबलावर 'मेरिट' हा शब्द आला आहे. लहानपणी जे पायऱ्यांनी आणि कपांनी सांगितलं जायचं ते आता गुणांच्या टक्केवारीने सांगितलं जातं, आणि बोलणाऱ्या सगळ्यांना आपण न्यायाचं बोलतोय असं वाटतं. सोळा वर्षांची सुमा तिथे काय म्हणते? गप्प बसते, दादाची बाजू घेते, की उठून जाते? तिचं वाढणं मला तिथे बघायचं आहे. लहानपणीचा उघडा भेदभाव ओळखणं सोपं असतं, वाचकही सहज तिच्या बाजूने होतो. सुशिक्षित तोंडातून आलेला भेदभाव तिला ओळखता येतो का, हा खरा प्रश्न आहे, आणि आजच्या वाचकाला तो थेट लागू पडतो.

एवढ्या वर्षांचा पट घेतलात तर भाषेलाही वय द्यावं लागेल. नऊ वर्षांची सुमा 'आणि मग' ने वाक्यं जोडेल, ऐकलेलं जसंच्या तसं सांगेल, घरातल्या वस्तू अचूक सांगेल आणि माणसांच्या हेतूंबद्दल काहीच म्हणणार नाही. बाराव्या वर्षी ती कारणं द्यायला लागेल, त्यातली निम्मी चुकीची. सोळाव्या वर्षी तिच्या वाक्यांत 'पण' आणि 'तरी' वाढतील, आणि ती पहिल्यांदा काहीतरी लपवेल, आईपासून, मंजूपासून, कदाचित वाचकापासूनही. हे एका फटक्यात करू नका. प्रत्येक प्रकरण झालं की मोठ्याने वाचा. कुठे सुमाचा आवाज जाऊन तुमचा आला ते कानाला लगेच समजतं.

कामाचा क्रम विचारलात म्हणून सांगते. आधी दुसरं प्रकरण पुन्हा लिहा, त्यात सुमाच्या हातून काहीतरी घडू द्या. वडिलांचं भाषण आणि बागेतली हकीकत काढून बाजूला ठेवा. मग मंजूच्या बाजूने काही पानं लिहा, कादंबरीत न घालण्यासाठी: ती सकाळी किती वाजता उठते, तिचं घर कुठे आहे, ती कुठल्या शाळेत जाते, आईबरोबर यायला तिला आवडतं का, घरी गेल्यावर ती सुमाबद्दल काय सांगते. या प्रश्नांची उत्तरं कल्पनेने देऊ नका. त्या वस्तीत वाढलेल्या, त्या पिढीतल्या बायका आज साठीच्या आसपास आहेत, बडोद्यातच आहेत. त्यांच्याशी बोला, त्यांना वेळ द्या, आणि त्या जे सांगायला तयार नसतील ते विचारू नका. ती पानं झाली की मला मंजूची आणि दुसरं प्रकरण, दोन्ही एकत्र पाठवा. सातव्या प्रकरणाचं काय करायचं ते त्यानंतर बोलू.